फवारणी पंपाची पैसेवारी
अथवा घेतलेल्या वस्तूविषयी खरा अभिप्राय कसा द्यावा

महसूल खात्याच्या चाकरीत आमची तेहतीस वर्षे गेली. या काळात पीक पाहणीचे तक्ते, नुकसानीचे पंचनामे आणि पैसेवारीचे कागद यांवाचून आमचा एकही हंगाम गेला नाही. पैसेवारी म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. पीक उभे असता ती प्रथम नजर अंदाजाने ठरते. पुढे ती सुधारली जाते. आणि नमुन्याच्या शेतातील पीक कापून, मळून, तोलून पाहिल्यावर अंतिम आकडा जाहीर होतो. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत किती अंतर पडते हे ज्याने आपल्या गावी एकदा पाहिले आहे, तो केवळ नजर अंदाजाच्या भरवशावर व्यवहार करीत नाही.

परंतु हेच शहाणपण आपण बाजारातून आणलेल्या यंत्रांविषयी व घरगुती जिनसांविषयी वापरतो काय? पंप आणला, दोन दिवस चालला, की आपण तो उत्तम म्हणून शेजाऱ्यास सांगतो. तो बंद पडला, की तो टाकाऊ म्हणून अडगळीत टाकतो. दोन्ही मते नजर अंदाजाचीच. आम्हीही असेच मत दिले आणि त्यापायी एका कष्टकरी माणसाच्या जिवावर बेतले. ती हकीकत आमच्या कमीपणाची आहे, तरी ती प्रथम सांगितल्यावाचून पुढील मजकुरास आधार राहणार नाही.

घडलेली हकीकत

२०२४ च्या मे अखेर आम्ही सेवानिवृत्त झालो आणि घरच्या सहा एकरांकडे लक्ष घालू लागलो. जून महिन्यात तालुक्याच्या गावाहून आम्ही बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप आणला. टाकी १६ लिटरांची, बॅटरी १२ व्होल्टची व ८ अँपिअर-तासांची. हातपंपाचा दांडा दिवसभर मारून ज्याचा खांदा भरून आला आहे, त्यास या नव्या पंपाचे केवढे सुख वाटते हे वेगळे सांगणे नको. बटण दाबावे आणि दोन्ही खांदे मोकळे ठेवून चालावे. आठ दिवसांत सोयाबीनवर तणनाशकाच्या दहा-बारा टाक्या मारून झाल्या, आणि पारावर बसून आम्ही त्या पंपाची मुक्तकंठाने स्तुती केली.

आमच्या गावात महसूल कारकुनाचा शब्द म्हणजे तपासून दिलेला दाखला, अशी समजूत आहे. "भाऊसाहेब कागद वाचणारे, त्यांनी पारखूनच घेतला असेल," असे म्हणून पंधरा दिवसांत सात जणांनी त्याच दुकानातून तोच पंप आणला. दुकानदार संतुष्ट झाला. पुढल्या खेपेस त्याने आमच्या हाती एक चार्जिंगची विजेरी ठेवली. "भाऊसाहेब, ही आपणांस आमच्याकडून," असे तो म्हणाला. चाकरीत असताना असली वस्तू आम्ही घेतली नसती. आता आपण कोणाचे कारकून नाही, अशी मनाची समजूत घालून ती घेतली. त्या दिवसानंतर त्या पंपात आम्हांस एकही दोष दिसेना, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ऑगस्टमध्ये सोयाबीनवर अळी पडली. शेजारच्या शेतकऱ्याचा सालगडी त्या सातांपैकी एका पंपाने कीटकनाशक मारीत होता. पंपाच्या तळातून औषध झिरपून त्याची पाठ व कंबर भिजली. हवा दमट, अंग घामाने निथळलेले. त्यामुळे तो ओलावा घामाचाच असे त्यास वाटले. तासाभराने त्याचे डोके फिरू लागले, मळमळ झाली आणि बांधावर बसून तो वांत्या करू लागला. मालकाने प्रसंगावधान राखून त्याचे कपडे उतरवले, अंग साबणाने भरपूर पाण्यात धुतले आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन त्यास ग्रामीण रुग्णालयात नेले. बाटलीवरील नाव वाचून डॉक्टरांस उपचार करणे सोपे गेले. तीन दिवसांनी तो घरी आला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांस त्या तीन दिवसांत आमच्या मनाची स्थिती काय झाली असेल याची कल्पना करता येईल.

त्या दिवशी सायंकाळी तो शेतकरी आमच्या ओसरीवर आला. त्याने आवाज चढवला नाही. "भाऊसाहेब, तुम्ही चांगला म्हणालात म्हणून घेतला होता," एवढेच बोलून, पाणीसुद्धा न घेता तो निघून गेला.

पंप उघडला तेव्हा

दुसऱ्या दिवशी आम्ही तो गळका पंप आणि आमचा पंप असे दोन्ही अंगणात घेतले. हातमोजे घातले, टाक्या साबणाच्या पाण्याने तीन वेळा धुतल्या, बॅटऱ्या काढून ठेवल्या, आणि डिसमिसने तळाची झाकणे उघडली. आत पाहण्यासारखे फार नव्हते. टाकीच्या बुडाशी एक तोटी, तोटीवर बसवलेली नळी आणि ती नळी पुढे मोटारीकडे गेलेली. तोटीवरची नळी आवळण्यास पोलादी क्लिप असावी, तेथे प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी होती. मोटारीच्या थरथरीने ती पट्टी सैल होऊन नळी अर्धा बोटभर सरकली होती, आणि त्या फटीतून औषध झाकणात उतरून पाठीवर येत होते. आमचा पंप उघडला, तर तेथेही तीच पट्टी अर्धी सुटलेली. अजून दहा-वीस टाक्या मारल्या असत्या तर आमचीच पाठ भिजली असती.

दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात पेट्रोलच्या नळीस लावतात तसली पोलादी क्लिप वीस रुपयांस मिळाली. ती बसवण्यास दहा मिनिटे लागली. पुढील दोन दिवसांत आम्ही आठही पंप उघडून पाहिले; पाचांची पट्टी सैल झालेली आढळली. आठांनाही पोलादी क्लिपा लावल्या. त्यानंतर दोन पावसाळे झाले, त्या जागी एकही पंप गळला नाही.

दोष वीस रुपयांचा होता आणि तो झाकणाखाली होता. जूनमध्येच चार स्क्रू फिरवण्याचे कष्ट आम्ही घेतले असते तर आमच्या स्तुतीत एक वाक्य अधिक आले असते: "पंप चांगला आहे, परंतु वापरण्यापूर्वी तळाची पट्टी काढून पोलादी क्लिप लावा." त्या एका वाक्याने तो सालगडी रुग्णालयात गेला नसता. तेव्हापासून आमचे असे ठाम मत झाले आहे, की ज्याने वस्तू उघडून पाहिली नाही आणि निदान एक हंगाम वापरली नाही, त्यास तिची शिफारस करण्याचा अधिकार नाही. जो दुरुस्त करतो, तोच खरा परीक्षक.

त्या आठवड्यात आम्ही दुकानदाराकडे जाऊन विजेरीची किंमत अडीचशे रुपये त्याच्या गल्ल्यावर ठेवली. तो घेईना, शेवटी घेतली. सैल पट्टीही त्यास दाखवली. आता तो प्रत्येक पंपास पोलादी क्लिप लावूनच विकतो, हेही त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

पंपाचे नेहमीचे दोष व त्यांवरील उपाय

आमचे शिक्षण मराठी शाळेतले. यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. तरी आठ पंप दोन हंगाम हाताळल्यावर जे ध्यानात आले, ते क्रमाने देतो.

पहिला दोष बॅटरीचा. या पंपांत बहुधा शिशाची बंद बॅटरी असते. ही बॅटरी रिकामी ठेवली तर तिच्या आतील पत्र्यांवर गंधकयुक्त शिशाचे खडे धरतात व कडक होतात. मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ती पूर्वीइतकी भरत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर पंप माळ्यावर जातो तो जूनमध्येच उतरतो. आमच्या आठ पंपांपैकी जे आम्ही हंगाम संपताच पूर्ण चार्ज करून ठेवले आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज केले, त्यांनी दुसऱ्या वर्षी एका चार्जिंगमध्ये सुमारे बारा टाक्या मारल्या. नवे असताना ते पंधरा मारीत. जो पंप रिकाम्या बॅटरीनिशी माळ्यावर पडून राहिला, तो तिसऱ्या टाकीलाच धापा टाकू लागला. पंप तोच, बॅटरी तीच. फरक केवळ निगेचा. अशा प्रसंगी "बॅटरी खराब निघाली" असे म्हणणे हा खरा अभिप्राय नव्हे. साधा मीटर जवळ असेल त्याने बॅटरी चार्जरवरून काढून काही तास तशीच ठेवावी व मग मोजावी. पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी १२.७ ते १३ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी समजावी.

दुसरा दोष, मोटार फिरते परंतु फवारा येत नाही. येथे मोटारीस दोष देण्यापूर्वी गाळणी पाहावी. विहिरीचे वा ओढ्याचे पाणी न गाळता भरल्यास शेवाळ व माती गाळणीत बसते. गाळणी स्वच्छ असेल तर टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा शिरते काय ते पाहावे. त्यानंतर मोटारीच्या तोंडावरील रबरी पडदा, ज्यास डायफ्राम म्हणतात, तो व त्याजवळील झडपा पाहाव्यात. औषधाचा साका वाळून झडपा चिकटतात. रोज काम संपल्यावर टाकीत स्वच्छ पाणी घालून दोन मिनिटे पंप चालवला तर हा दोष सहसा उद्भवत नाही. धुतलेले पाणी मात्र ओढ्यात वा विहिरीजवळ टाकू नये.

तिसरा दोष, हातातील खटका बंद केला तरी मोटार थांबत नाही. मोटारीपाशी एक दाबाचा स्विच असतो. पुढील वाट बंद झाली, की दाब वाढून तो मोटार थांबवतो. मोटार थांबत नसेल तर पुढे कोठेतरी गळती आहे किंवा तो स्विच बिघडला आहे. प्रथम सांधे व त्यांतील रबरी वायसर पाहावेत, कारण बहुतेक वेळा दोष तेथेच असतो. मोटार उलट क्षणाक्षणाला चालू-बंद होत असेल तर नोझल तुंबले आहे असे समजावे.

चौथा दोष, पंप मुळीच चालत नाही. मोटार जळाली असे म्हणण्यापूर्वी फ्यूज, बटण आणि बॅटरीच्या टोकांवरील वायरी पाहाव्यात. औषधाच्या वाफेने त्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. बॅटरी सोडवून ती टोके घासून स्वच्छ करावीत, व्यवस्थित आवळावीत आणि वरून किंचित ग्रीस लावावे. आमच्याकडे "मोटार जळाली" म्हणून आलेल्या तीन पंपांपैकी दोन एवढ्यानेच चालू झाले.

नोझलविषयी दोन गोष्टी. नोझल झिजते व त्याचे भोक मोठे होते. फवारा दिसावयास जोरकस, परंतु औषध वाया जाते. नवे नोझल लावल्यावर एका मिनिटात किती पाणी पडते ते मापाने मोजून वहीत लिहावे. पुढे ते दहा टक्क्यांनी वाढले, म्हणजे ६०० मिलिलिटरांचे ६६० झाले, की नोझल बदलावे. दुसरी गोष्ट जिवाची आहे. तुंबलेले नोझल कोणीही तोंडाने फुंकू नये. मऊ ब्रश व पाणी यांनी ते साफ होते. तार खुपसली तर भोक बिघडते.

नवा पंप घरी आणल्यावर करावयाची परीक्षा अगदी सोपी आहे. टाकीत साधे पाणी भरावे, पाठीवर व कमरेवर वर्तमानपत्राचा कोरडा कागद धरून पंप घ्यावा, आणि चालू पंपानिशी अंगणात पंधरा मिनिटे फिरावे. कागद भिजला तर त्या पंपात औषध घालू नये. आमच्या गावात हल्ली प्रत्येक हंगामाच्या आरंभी ही परीक्षा होते.

घरातील इतर जिनसा

पंपावरून सवय लागली म्हणून घरातील इतर जिनसांचीही आम्ही पैसेवारी लिहू लागलो. तीपैकी काही नमुने देतो.

दुकानदाराकडून आलेली ती विजेरी, जिला आपण सर्वजण बॅटरीच म्हणतो, पहिल्या महिन्यात लख्ख उजेड देई. सातव्या महिन्यात ती पाच मिनिटांत मावळू लागली. उघडली तेव्हा आत ४ व्होल्टची शिशाची लहान बॅटरी निघाली. दोष पुन्हा तोच: वीज असेपर्यंत ती खुंटीवर रिकामीच टांगलेली असे. नवी बॅटरी आणून दोन वायरींस डाग दिला आणि विजेरी पूर्ववत झाली. स्क्रूने बंद केलेली असल्यामुळे हे साधले. त्याच सुमारास मुलाने आणलेली दुसरी विजेरी कडेने चिकटवून बंद केलेली होती; ती उघडताना फुटली व कचऱ्यात गेली. उजेड दुसरीचा अधिक होता, परंतु आमच्या हिशेबी पहिलीची पैसेवारी अधिक.

मिक्सर चालता चालता एकाएकी बंद पडला, तर तो लगेच दुकानात नेऊ नये. पुष्कळ मिक्सरांच्या बुडाशी एक लहान तांबडे बटण असते. ओली डाळ दाट भरली की मोटारीवर भार येतो व ते बटण सुटून वीज तोडते. पिन काढावी, भांडे हलके करावे, पंधरा मिनिटे मोटार निवू द्यावी आणि बटण आत दाबावे. आमच्या सौभाग्यवतींनी हे एकदा पाहिले, तेव्हापासून आमची गरज उरली नाही. मोटार फिरते पण पाते फिरत नाही, असे झाल्यास भांड्याखालचे दातेरी चाक झिजलेले असते. भार फार झाला तर मोटारीआधी हे स्वस्त चाक जाते, हा त्याचा एक फायदाच आहे. ते तालुक्याच्या गावी मिळते की नाही, हे मिक्सर घेतानाच विचारावे.

पंखा हळू फिरू लागला किंवा हाताने ढकलल्यावाचून सुरू होईना, तर बहुधा त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त आहे, परंतु त्यात वीज साठून राहते. तेव्हा काम माहितगाराकडून करवून घ्यावे.

एलईडी दिव्याच्या डब्यावर पुष्कळदा २५,००० तास आयुष्य छापलेले असते. रोज सहा तास धरले तर ही अकरा वर्षांहून अधिक मुदत झाली. आमच्या गोठ्यातला दिवा चौदा महिन्यांत गेला. प्रकाश देणारे मणी टिकाऊ असतात, पण त्यांस वीज पुरवणारा मागचा भाग उष्णतेने व विजेच्या चढउतारांनी आधी मरतो. शिवाय मणी एकापुढे एक जोडलेले असले तर एक गेल्याने सारी रांग विझते. हे दिवे घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पुष्कळ दिव्यांत आतील भागास थेट घराची वीज असते. पावती व डबा जपून ठेवावा आणि हमीच्या मुदतीत बदलून घ्यावा. बंद काचेच्या हंडीत दिवा लावू नये. तेथे तो अधिक तापतो.

दोन वस्तूंत आपला हात मुळीच घालू नये. फुगलेली लिथियम बॅटरी, मग ती मोबाइलची असो वा पंपाची, उघडू नये, टोचू नये, चार्जही करू नये. आणि प्रेशर कुकरची संरक्षक झडप वितळली तर तेथे भलताच तुकडा ठोकून बसवू नये. त्याच कुकरची मूळ झडप आणावी. २०२१ च्या फेब्रुवारीपासून घरगुती कुकरांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, ते पाहूनच कुकर घ्यावा. दुरुस्ती कोठे थांबवावी हे कळणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

अभिप्राय तीन वेळा लिहावा

आमच्या वहीत प्रत्येक वस्तूस एक पान आहे. घेतल्याची तारीख, किंमत, दुकान व पावती कोठे ठेवली हे वर लिहितो. खाली तीन रकाने: नजर अंदाज, सुधारित, अंतिम. नजर अंदाज पहिल्या आठवड्याचा, सुधारित पहिल्या हंगामानंतरचा, अंतिम दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा. फवारणी पंपाचे आकडे असे आहेत: नजर अंदाज ९० पैसे, गळतीनंतर सुधारित ४०, म्हणजे टंचाईच्या यादीतला, आणि क्लिप लावून दुसरा हंगाम पार पडल्यावर अंतिम ६५. नव्वद हा आकडा जितका खोटा, तितकाच चाळीसावर थांबणेही अन्यायाचे झाले असते.

प्रत्येक पानावर आणखी चार प्रश्नांची उत्तरे लिहितो. वस्तू स्क्रूने उघडते की चिकटवलेली आहे? झिजणारे भाग तालुक्याच्या गावी मिळतात काय? बिघाड वस्तूचा होता की आपल्या हयगयीचा? आणि वस्तू आपल्या पैशाने घेतली की कोणी दिली? हा शेवटचा प्रश्न आम्ही अनुभवाने घातला आहे. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेली ग्राहकांची एक संस्था परीक्षेसाठीच्या वस्तू बाजारातून स्वतःच्या पैशाने विकत घेते व आपल्या मासिकात जाहिराती छापत नाही. अडीचशे रुपयांची विजेरी घेतल्यावर आमच्या डोळ्यांस काय झाले ते आठवले, की या नियमाचे मर्म ध्यानात येते. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली इंटरनेटवरील ग्राहक-अभिप्रायांविषयी आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले. मोबाइलवर पाच-पाच तारे पाहून जे बंधू वस्तू मागवतात, त्यांनी तारे मोजण्याऐवजी सहा महिन्यांनी लिहिलेले अभिप्राय शोधावेत, आणि दोन-तीन तारे देणाऱ्यांचे म्हणणे आधी वाचावे. दोष व गुण दोन्ही बहुधा तेथेच सापडतात.

उलट बाजूही विसरू नये. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. न वापरता केलेली निंदा आणि न उघडता केलेली स्तुती या दोहोंची योग्यता सारखीच.

कायद्याचा आधार

वस्तू सदोष निघाली व दुकानदार दाद देईना, तर मुकाट्याने बसण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तत्पूर्वी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. मात्र पावती हवी. "बिल नको, पन्नास रुपये कमी करा," असे म्हणणारा ग्राहक आपला हक्क पन्नास रुपयांस विकून टाकतो.

वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काविषयीही केंद्र सरकारने २०२२ साली एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती विजेच्या वस्तू व वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होऊ शकतात याचे दहापैकी गुण दाखवण्याची सक्ती झाली. आपल्याकडे दुकानात असे गुण छापलेले मिळोत वा न मिळोत, चार स्क्रू व एक डिसमिस यांच्या साह्याने ते आपणांस स्वतः देता येतात.

शेवटची विनंती

आमची सभासद बंधूंस अशी विनंती आहे, की प्रत्येक गावच्या शाखेत अशी एक वही ठेवावी. ज्याने नवे यंत्र घेतले त्याने हंगामाच्या शेवटी त्यात चार ओळी लिहाव्यात. काय बिघडले, कशाने बिघडले, कितीत दुरुस्त झाले आणि भाग कोठे मिळाला. चांगले असेल ते मोकळेपणाने लिहावे, वाईट असेल ते निर्भयपणे लिहावे, आणि आपली हयगय असेल तर तीही लपवू नये. पुढे कोणी पंप घेण्यास निघाला, की त्याने आधी ही वही पाहावी आणि मग बाजाराची वाट धरावी.

तो सालगडी आता बरा आहे व त्याच मालकाकडे आहे. या वर्षीच्या मृगात त्याने फवारणीस निघण्यापूर्वी आमच्या अंगणात येऊन पंपात पाणी भरले, पाठीस कागद धरला आणि पंधरा मिनिटे फेऱ्या मारल्या. नंतर कागद काढून आमच्यापुढे धरला व म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही बघा. कोरडा आहे का?" आम्ही कागद हातात घेऊन, चष्मा लावून, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मगच होय म्हणालो.

या लेखात काही चूक आढळल्यास वाचकांनी अवश्य कळवावी. ती आम्ही वहीत लिहून ठेवू.